मॉडेल रॉकेटची एक पेटी, दोन उड्डाणे आणि अकरा महिने : इंदूरमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरमधील एका मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबाची, महाविद्यालयाची आणि शेताची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम, मोजमापे आणि चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत. या कुटुंबाचा शेजारी आणि निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक या नात्याने मी या कामात पहिल्यापासून होतो. पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी सर्वांत महाग पडलेली चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दिवाळीला परदेशाहून आलेल्या मामांनी आठवीतल्या भाचीसाठी आणि पाचवीतल्या तिच्या धाकट्या भावासाठी मॉडेल रॉकेटची एक पेटी आणली होती. पेटीत पुठ्ठ्याची अडीच सेंटिमीटर व्यासाची नळी, प्लॅस्टिकचे निमुळते टोक (नोज कोन), तीन पंख कापण्यासाठी बाल्साच्या हलक्या लाकडाची पातळ फळी, मोटर बसवण्याची आतली चौकट, इलॅस्टिकची दोरी, तीस सेंटिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे पॅराशूट आणि लाँच रॉडवरून, म्हणजे उड्डाणाच्या उभ्या सळईवरून, सरकण्यासाठी नळीच्या अंगाला चिकटवायचा स्ट्रॉसारखा एक तुकडा एवढे साहित्य होते. जोडून झाल्यावर रॉकेटची लांबी ४६ सेंटिमीटर आणि मोटरशिवाय वजन ४८ ग्रॅम भरेल, असे माहितीपत्रकात छापलेले होते. पेटीत मोटर नव्हती, आणि मामांनी ती आणणे शक्यही नव्हते, कारण अशा मोटरीत काळी दारू असते आणि प्रवाशाला ती विमानात ना हातातल्या पिशवीत नेता येते, ना सामानात.

घरात उत्साह सर्वांत जास्त आजोबांना होता. कापड गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लेथचे छोटे वर्कशॉप काढून पंचवीस वर्षे चालवले होते, त्यामुळे नातीच्या हाती सँडपेपर आणि स्टीलची पट्टी आलेली पाहून त्यांची कळी खुलली. वडील बँकेत नोकरीला असून स्वभावाने सावध आहेत. या दोन स्वभावांमधली ओढाताण प्रकरणाच्या शेवटपर्यंत चालू राहिली, आणि माझ्या मते ती उपकारकच ठरली.

मोटरचा प्रश्न

मॉडेल रॉकेटची मोटर म्हणजे जाड कागदी कवचात घट्ट दाबून भरलेली काळी दारू आणि तळाशी मातीचे नोझल. तिच्यावरच्या छापातच तिची सगळी माहिती असते. ‘बी६-४’ या खुणेतील ‘बी’ हे अक्षर एकूण आवेग (रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांचा गुणाकार) अडीच ते पाच न्यूटन-सेकंद असल्याचे सांगते, सहाचा आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये देतो आणि शेवटचा चार हा रेटा संपल्यानंतर किती सेकंदांनी पुढच्या बाजूचा छोटा स्फोट होऊन नोज कोन व पॅराशूट बाहेर ढकलले जातील ते दाखवतो. मधल्या चार सेकंदांत मंद जळणारा एक थर जळत राहतो आणि तेवढ्या वेळात रॉकेट आपल्याच वेगाने वर जाते. अक्षर एकाने पुढे सरकले की आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते, म्हणून ‘सी’ मोटर दहा न्यूटन-सेकंदांपर्यंत जाते.

मोटर कुठून आणायची, हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय होता, आणि त्याला दोन महिने लागले. दिवाळी नुकतीच होऊन गेली असल्याने धाकट्याचे म्हणणे साधे होते: उरलेल्या फटाक्यांमधला एक मोठा रॉकेट फोडून त्याची दारू वापरावी. घरातल्या पाहुण्यांपैकी दोघांना हे फारसे चुकीचे वाटले नाही. इंदूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगणबेटाच्या पोखरलेल्या फळांत दारू भरून ती पेटवून एकमेकांवर फेकण्याचा ‘हिंगोट’ चालतो, आणि दरवर्षी त्यात माणसे भाजतात. अशा मुलखात दारूविषयीची भीती थोडी बोथट झालेली असते. फटाक्याचे रॉकेट मागच्या लांब काडीच्या आधाराने कसेबसे सरळ जाते, त्याचा रेटा मोजलेला नसतो, आणि शेवटी ते फुटावे म्हणूनच बनवलेले असते. तीच दारू काढून नव्या कवचात भरणे म्हणजे घरात स्फोटक तयार करणे होय. १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्याखाली परवान्याशिवाय ते करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी स्वयंपाकघरातल्या ताटलीत दारू खलणे हा बोटे गमावण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. इंटरनेटवर दिसणाऱ्या घरगुती इंधनाच्या कृतींनाही वडिलांनी याच कारणाने पहिल्याच संध्याकाळी नकार दिला.

येथे थोडा इतिहास आठवला, तो मी मुलीलाही सांगितला होता. मॉडेल रॉकेटचा छंद १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला, तोच मुळी अशा अपघातांवरचा उपाय म्हणून. नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने बनवलेली छोटी रॉकेटे रॉकेट अभियंते जी. हॅरी स्टाइन यांच्यापर्यंत पोहोचली, आणि इंधन मुलांच्या हाती न देता कारखान्यात तयार झालेली, एकदाच वापरायची मोटर द्यायची, ही कल्पना तिथून रुजली. व्हर्न एस्टेस यांनी पुढे अशा मोटरी बनवणारे यंत्रच उभारले. पेटीत मोटर नसली की आपण नकळत १९५७ च्या आधीच्या काळात जाऊन पोहोचतो, असे मी मुलीला म्हटले होते.

परदेशातून मोटर मागवण्याचा विचारही झाला. स्फोटकांच्या आयातीचा परवाना कुटुंबाला मिळण्याजोगा नव्हता, आणि मालाचे वर्णन बदलून कुरिअरने मागवण्याची एका परिचिताची सूचना वडिलांनी ऐकूनही घेतली नाही. शेवटी जो पर्याय उरला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे सापडला. शहराबाहेरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा रॉकेट गट होता. गटाच्या मोटरी महाविद्यालयाच्या ताब्यात कुलपात राहत आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ठरलेल्या दिवशीच बाहेर निघत. गटाच्या पुढच्या उड्डाणाच्या दिवशी मुलीचे रॉकेट सामील करून घ्यायचे, मोटर गटानेच बसवायची आणि उड्डाणाची कळही गटानेच दाबायची, असे ठरले. मुलीला हे थोडे लागले. बटण तरी मीच दाबीन, एवढी अट तिने घातली आणि ती मान्य झाली.

या तडजोडीमुळे मोटर उड्डाणाच्या सकाळपर्यंत आमच्या हाती येणार नव्हती. त्या वेळी ही बाब कोणालाच महत्त्वाची वाटली नाही.

बांधणी

पत्रकात सांगितल्याप्रमाणे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर राहतील अशा बेताने लाकडाचे रेशे ठेवून बाल्साचे तीन पंख कापले गेले, घासून गुळगुळीत केले गेले आणि फेविकॉलने चिकटवले गेले. आठवडाभरात धाकट्याच्या हातून रॉकेट टेबलावरून पडले आणि एक पंख रेशांच्या दिशेने सरळ चिरला. आजोबांचे मत पहिल्यापासूनच होते की हे लाकूड काडेपेटीच्या लायकीचे आहे. त्यांनी जुन्या फोटोफ्रेमच्या पाठचे दोन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड काढले, त्याच मापाचे तीन पंख इतके सुबक कापले की मूळचे त्यांच्यापुढे केविलवाणे दिसावेत, आणि ते इपॉक्सीने बसवून सांध्यांवर बोटाने गोल भराव दिला. मग मुलांनी सियागंज बाजारातून आणलेल्या ऑइलपेंटचे, सुकू देत देत, तीन हात दिले: नळी पांढरी, पंख भगवे.

मजबुतीच्या दृष्टीने आजोबांचा निर्णय योग्य होता, आणि दिसण्याच्या दृष्टीने मुलांचाही. मुलीने एका वहीत दर रविवारी रॉकेटचे वजन लिहून ठेवले होते, आणि त्या रकान्यात ४८, ५७ आणि ७० असे तीन आकडे एकाखाली एक होते. ती वही मी दोनदा पाहिली. आकडे व्यवस्थित लिहिले आहेत म्हणून शाबासकीही दिली. पण बावीस ग्रॅम कुठे वाढले, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

रॉकेट सरळ जाण्याची अट थोडक्यात अशी. उडणारी वस्तू तिच्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे ती जिथे तोलून राहते त्या बिंदूभोवती, फिरते, तर हवेचा आडवा रेटा जणू एका बिंदूवर एकवटलेला असतो. त्या बिंदूला दाबकेंद्र म्हणू. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर रॉकेट तिरके होताच हवा शेपटाला ढकलते आणि नाक पुन्हा पुढे येते, म्हणजे वातकुक्कुटाचे जे होते तेच. हे अंतर निदान नळीच्या एका व्यासाइतके असावे, असा या छंदातला रूढ दंडक आहे. दाबकेंद्र हिशोबाने काढण्याची सोपी रीत नासातील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात बसवून दिली, आणि आता ओपनरॉकेट नावाच्या मोफत संगणक कार्यक्रमात मापे भरली की उत्तर मिळते. गटातल्या एका विद्यार्थ्याने मापे भरून दाबकेंद्र नाकाच्या टोकापासून ३३.५ सेंटिमीटरवर असल्याचे सांगितले. मी घरी रॉकेट पट्टीच्या कडेवर तोलून गुरुत्वमध्य २९.७ सेंटिमीटरवर असल्याचे मोजले. दोन्हींत ३.८ सेंटिमीटर, म्हणजे दीड व्यासाचे अंतर. मी ‘उत्तम’ असा शेरा लिहून सही केली.

तोलताना पॅराशूट आत होते, दोरी आत होती, मोटर मात्र नव्हती.

जागा आणि दिवस

गटाचा उड्डाणाचा दिवस मार्चच्या मध्यावर आला. विमानतळ शहराच्या पश्चिमेला असल्याने गट नेहमी नेमावर रस्त्याच्या बाजूच्या शेतांत उडवत असे, आणि तसे सरपंचांना व पोलीस ठाण्याला लेखी कळवत असे. परंतु मार्चमध्ये माळव्यात गहू पिकून उभा असतो किंवा कापणी होऊन नरवाई, म्हणजे गव्हाचे कोरडे खुंट, उरलेली असते, आणि कोरड्या नरवाईला एक ठिणगी पुरते. गटाच्या नेहमीच्या जागेला दोन बाजूंनी पिकलेला गहू लागून होता. महाविद्यालयाच्या पटांगणात उडवावे, अशी एक सूचना आली. तिथे विजेच्या तारा, वसतिगृहाच्या गच्च्या आणि सुटीच्या दिवशी क्रिकेट खेळणारी मुले होती. प्राध्यापकांनी अर्ध्या किलोमीटरवरचे, हरभरा काढून नांगरून टाकलेले काळ्या मातीचे एक शेत निवडले. ते दीडशे मीटर लांब आणि नव्वद मीटर रुंद होते. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत ‘बी’ मोटरसाठी मैदानाची अरुंद बाजू दोनशे फूट, म्हणजे सुमारे साठ मीटर, असावी असे म्हटले आहे. तेवढी जागा सहज होती. शेतमालकाने एकच अट घातली की गव्हाच्या बांधाजवळ पाण्याचा ड्रम आणि ओली बारदाने घेऊन दोन माणसे उभी राहावीत. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत शहाणा निर्णय त्यांचा होता.

वेळ सकाळी साडेसातची ठरली, कारण माळव्यात त्या दिवसांत सकाळी हवा पडलेली असते आणि उन्ह चढले की वारा सुटतो. मोटर कोणती घ्यावी, यावर थोडा वाद झाला. मुलीला ‘सी’ हवी होती. प्राध्यापकांनी पहिल्या उड्डाणाला सर्वांत लहान पुरेशी मोटर घ्यायची या नियमावर बोट ठेवून बी६-४ दिली. पॅराशूट स्फोटाने वितळू नये म्हणून त्याच्याखाली सहज आग न धरणारा कागद भरावा लागतो. आमच्याकडचा संपला होता, आणि धाकट्याने खिशातून काढलेला कापूस नाकारून गटाने आपला कागद दिला.

पहिले उड्डाण

प्रेक्षक उड्डाणाच्या पॅडपासून वीस मीटरवर होते. उलटी गिनती झाली, मुलीने बटण दाबले आणि रॉकेट एक मीटरच्या रॉडवरून स्वच्छ सुटले. पाच-सहा मीटरांवर त्याचे शेपूट डगमगले, नाक एका अंगाला कलले, आणि पुढच्या क्षणी ते हवेत कोलांटी घेऊन आडवे धावू लागले. मोटर जेमतेम सेकंदभर जळते, पण तो सेकंद फार मोठा वाटला. पॅडपासून पंचवीस मीटरवर ते ढेकळांत आपटले. सुदैवाने ते प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूला गेले होते. त्यांच्या बाजूला गेले असते तर प्रेक्षक त्याच्या पल्ल्यात होते.

मुलगी धावत सुटली. वडिलांनी तिचा दंड पकडला, आणि नेमक्या त्याच वेळी जमिनीवर पडलेल्या रॉकेटमधून पॅराशूट उडवणारा स्फोट झाला, नोज कोन चार-पाच मीटर लांब फेकला गेला आणि कागदाचे जळके तुकडे मातीवर धुमसत राहिले. रॉकेट पडले म्हणजे संपले, असे डोळ्यांना वाटते. मोटरीतला मंद जळणारा थर मात्र आपले चार सेकंद पुरे करणारच असतो. पूर्ण एक मिनिट कोणी हलायचे नाही, असे प्राध्यापकांनी मोठ्याने सांगितले. मग ओले बारदान टाकून तुकडे विझवले. तेच तुकडे नरवाईत पडले असते तर काय झाले असते, हे बोलून दाखवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

रॉकेटची नळी वरच्या टोकाला थोडी चेपली होती. आजोबांच्या पंखांना ओरखडाही नव्हता.

तिथे उभ्या उभ्या एक निर्णय करायचा होता. हवा अजून पडलेली होती आणि दुसरी मोटर हाताशी होती. नाकात ओली माती भरून लगेच पुन्हा उडवून पाहू, असे गटातल्या एका मुलाने सुचवले. निदान म्हणून त्याचा अंदाज बरोबर होता, हे पुढे दिसले. परंतु किती माती, कुठे, आणि ती किती घट्ट बसेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिथे नव्हते. धाकटा रडायला लागला होता. तरीही प्राध्यापकांनी नकार दिला आणि वडिलांनी दुजोरा दिला.

कारणाचा शोध

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी तीन स्पष्टीकरणे पुढे आली: वारा, वाकडा पंख आणि रॉड हलणे. वारा नव्हता. पंख आजोबांनी पुन्हा गोनियाने तपासले, ते सरळ होते. रॉड हलल्याचे व्हिडिओत दिसले नाही. मग मुलीने वही उघडून वजनाचा रकाना दाखवला आणि विचारले, “काका, हे बावीस ग्रॅम सगळे मागेच वाढलेत ना?”

मोटर अठरा मिलिमीटर जाड आणि सत्तर मिलिमीटर लांब असते, आणि बी६-४ चे वजन वीस ग्रॅमच्या आसपास भरते. आम्ही कागदाची तेवढ्याच मापाची नळी करून तिच्यात वाळू भरली, वीस ग्रॅम केले आणि ती मोटरीच्या जागी बसवून रॉकेट पुन्हा पट्टीवर तोलले. गुरुत्वमध्य २९.७ वरून ३२.६ सेंटिमीटरवर सरकला. दाबकेंद्राशी अंतर उरले नऊ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. मी सही केलेला दीड व्यास कधीच उडणारच नव्हता; जे उडाले ते मोटरसह होते.

मूळ रचनेचा हिशोबही करून पाहिला. बाल्साचे पंख, रंग नाही, ४८ ग्रॅम: त्या अवस्थेत मोटर घातल्यावरही गुरुत्वमध्य ३० च्या आतच राहत होता. म्हणजे पेटीच्या रचनेत दोष नव्हता. मजबुतीसाठी प्लाय, खात्रीसाठी इपॉक्सी आणि शोभेसाठी तीन हात रंग, असे शेपटावर थोडे थोडे चढत गेले, आणि प्रत्येक वेळी ज्याने चढवले त्याचे कारण चांगले होते. एकूण बेरजेकडे पाहण्याचे काम कोणाकडे सोपवलेले नव्हते; ते माझे होते, असे मी धरतो.

दुरुस्तीचे पर्याय तीन होते. पंख मोठे केले तर दाबकेंद्र मागे जाईल, पण शेपूट आणखी जड होईल. पंख काढून पुन्हा बाल्साचे लावणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता, आणि आजोबांनी स्वतःच तो सुचवला. “माझेच पंख नडले ना, मग काढून टाका,” असे ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तिसरा मार्ग नाकात वजन घालण्याचा. हिशोब त्याच्या बाजूने होता, कारण गुरुत्वमध्यापासून नाकाचे अंतर मोटरीच्या अंतराच्या अडीच पटींहून अधिक होते. पुढे घातलेला एक ग्रॅम शेपटाच्या अडीच ग्रॅमांहून अधिक वजनाला भारी पडत होता. नोज कोनाच्या पोकळीत टोकापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर बारा ग्रॅम क्ले दाबून बसवली, आणि वाळूच्या मोटरीसह गुरुत्वमध्य २९.४ वर आला. एकूण वजन १०२ ग्रॅम झाले, म्हणजे सुमारे एक न्यूटन, आणि मोटरीचा सरासरी रेटा सहा न्यूटन. रेटा वजनाच्या पाचपट तरी असावा हा दंडक त्यात बसत होता. उंची कमी मिळणार होती. आजोबांचे पंख राहिले, हा या मार्गाचा हिशोबात न येणारा फायदा होता आणि निवडीत त्याचे वजन पडले, हे लपवण्याचे कारण नाही.

शेवटी दोऱ्याची चाचणी घेतली. तोलबिंदूला अडीच मीटर दोरा बांधून, वाळूची मोटर आत ठेवून, आजोबांनी गच्चीवर रॉकेट डोक्यावरून गोल फिरवले. नाक पुढे धरून ते मुकाट फिरत राहिले. मग क्ले काढून तोलबिंदू नव्याने धरला आणि पुन्हा फिरवले, तेव्हा ते आडवे पडून गोते खाऊ लागले. मार्चमध्ये शेतात पाहिलेले दृश्य गच्चीवर पाच मिनिटांत दिसले. मग क्ले परत बसवून वरून इपॉक्सीचा एक थेंब टाकला.

दुसरे उड्डाण

हे सारे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तयार झाले. गटाचा पुढचा दिवस त्याच महिन्यात होता. आता गहू निघून चहूकडे नरवाई होती, आणि एकदा कोलांटी पाहिलेल्या वडिलांनी एप्रिलला नाही म्हटले. जुलैत काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि सोयाबीन पेरलेले असते. त्यामुळे सोयाबीन निघून गहू-हरभऱ्याची पेरणी होण्यापूर्वीचा ऑक्टोबरचा थोडा काळ उरला. मला ही वाट पाहणे तेव्हा अतिसावध वाटले होते, आणि तसे मी बोलूनही दाखवले होते. आज मी वडिलांशी सहमत आहे, मात्र सहा महिन्यांची किंमत कोणी चुकवली ते नोंदवणे भाग आहे: धाकट्याचा रस आटला. उड्डाणाच्या दिवशी तो आला, पण मित्राच्या बुद्धिबळ स्पर्धेला जायची घाई करत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याच शेतात, रोटावेटर फिरवून मोकळ्या झालेल्या जमिनीवर पॅड लावला. या वेळी प्रेक्षक चाळीस मीटरवर होते, आणि मोटर बसवल्यानंतर, इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वात) लावण्यापूर्वी, मुलीने रॉकेट पुन्हा एकदा पट्टीवर तोलले. गटातली मुले थांबून राहिली. कोणी हसले नाही. काठीला बांधलेली रिबीन पूर्वेकडून हलके वारे दाखवत होती, आणि रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे थोडे वळते हे लक्षात घेऊन रॉड किंचित पश्चिमेला कलता ठेवला.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा काहीच झाले नाही. बटणाच्या पेटीची किल्ली काढून घेतली गेली आणि एक मिनिट थांबून प्राध्यापक पुढे गेले. इग्नायटरच्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर रॉकेट सरळ गेले. ते इतके सरळ गेले की क्षणभर आकाशात शोधावे लागले, आणि मग भगव्या पंखांच्या वर पॅराशूट उघडलेले दिसले. खाली यायला त्याला दहा-एक सेकंद लागले आणि ते पॅडपासून वीस-पंचवीस मीटरवर उतरले. मुलीने कोनमापक, स्ट्रॉ आणि दोऱ्याला लटकवलेला नट यांच्या साहाय्याने केलेल्या साधनावर पन्नास मीटरवरून ४७ अंशांचा कोन मोजला होता. त्याच्या स्पर्शज्येने (‘टॅन’) पन्नासला गुणून डोळ्याची उंची मिळवली तेव्हा उत्तर सुमारे ५५ मीटर आले. कोन एकीनेच आणि एकाच जागेवरून मोजलेला असल्याने त्यावर फार भार देऊ नये.

वेगळे काय करता आले असते

वाळूची मोटर मार्चच्या आधीच करता आली असती. त्यासाठी लागणारी मापे माहितीपत्रकावर छापलेली होती, आणि वीस ग्रॅम वाळूला परवाना लागत नाही. मोटर हाती नसल्यामुळे ती विचारातूनही निसटली. तडजोडीच्या दिवशी मी हे ओळखायला हवे होते. दोऱ्याची चाचणीही पहिल्या उड्डाणापूर्वीच व्हायला हवी होती. तिच्यासाठी ना संगणक लागतो, ना दाबकेंद्राचा हिशोब. ती थोडी कडक परीक्षा आहे आणि काही चांगली रॉकेटेही तिच्यात नापास होतात, पण उत्तीर्ण झालेल्याची काळजी बरीच मिटते.

प्रेक्षकांचे वीस मीटर हे नेहमी उडणाऱ्या रॉकेटांच्या सवयीतून आलेले अंतर होते. न तपासलेल्या रॉकेटसाठी प्रेक्षकांना आधी सूचना देऊन मागे हटवावे, असे त्याच सुरक्षा नियमांत लिहिलेले आहे. आम्ही ते वाचलेले होते. आमचे रॉकेट न तपासलेले आहे, असे मात्र आम्हांला वाटत नव्हते, कारण माझी सही त्यावर होती.

उन्हाळ्याच्या सुटीत काही केले नाही, याची मला सर्वांत जास्त रुखरुख आहे. पाण्याचे रॉकेट, म्हणजे पेप्सीच्या रिकाम्या बाटलीत तिसऱ्या हिश्शाइतके पाणी आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा, नरवाईची भीती न बाळगता कुठेही उडवता आले असते, आणि तोलाचा तोच धडा पंख कमी-जास्त करून पुन्हा पुन्हा पाहता आला असता. धाकटा त्यात टिकला असता, असे मला वाटते. त्याच्या आईचे मत वेगळे आहे.

प्लायवूडच्या पंखांविषयी मी अजून द्विधा आहे. ते पहिल्या आपटीत टिकले, बाल्साचे टिकले नसते. दुसरीकडे, बाल्साचे असते तर पहिली आपटी झालीच नसती.

मुलीला आता ‘सी६-५’ उडवायची आहे. ती मोटर सुमारे चोवीस ग्रॅमची असते, आणि तिच्या वजनाची वाळूची नळी मुलीने आधीच करून तोल मोजला आहे: २९.९, म्हणजे दाबकेंद्रापासून जवळजवळ दीड व्यास. अडचण मैदानाची आहे. ‘सी’साठी अरुंद बाजू चारशे फूट, म्हणजे सुमारे एकशेवीस मीटर, असावी लागते, आणि हे शेत नव्वद मीटर रुंद आहे. शेजारच्या शेतमालकाचे सोयाबीन त्या दिवशी अजून उभे होते, त्यामुळे दोन्ही शेते मिळून वापरता आली नाहीत. पेरणीपूर्वी ती मिळतील का, हे विचारायला आजोबा परवा गेले होते.